रस्ता हंड्याला खुला आहे

(जव्हार-मोखाड्यातल्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली भाषा तशीच ठेवली आहे.)

मित्रांनो, जयभीम.

मागं भिंतीला टेकून बसलेल्या बायांनो, तुम्हांला वेगळा जयभीम. तुम्ही पाणी भरून, भाकऱ्या थापून, पोरांची ढुंगणं धुऊन मग इथं आलात. पुढं सतरंजीवर बसलेले नुसतेच आलेत. आणि पाड्यांवरनं आलेल्या भावाबहिणींनो, जोहार. आमच्या आज्या-पणज्यांना हा शब्द कमरेत वाकून म्हणावा लागायचा, पाटलापुढं, कुळकर्ण्यापुढं. म्हणून आम्ही तो टाकला आणि जयभीम घेतला. तुम्ही तोच शब्द ताठ मानेनं म्हणता. तुमच्या तोंडून ऐकला की मलाही तो परत म्हणावासा वाटतो.

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्यापुढं 'महिला व क्रीडा' असं लिहिलंय. ज्यानं लिहिलं त्याचा हेतू वाईट नाही. सकाळी जातीअंत, दुपारी जमिनीचा प्रश्न, संध्याकाळी आरक्षण, आणि मधे जेवणं होऊन माणसं पेंगायला लागली की महिला. ही आपली जुनी रीत आहे. मी क्रीडेवर बोलणार नाही. मी रस्त्यावर बोलणार आहे. रस्ता कुणाचा, एवढंच. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपली सगळी चळवळ याच प्रश्नावर उभी राहिली.

पहाटे साडेचारला तुम्ही झोपलेले असता. त्या वेळेला जव्हार-मोखाडा रस्त्यावर, खोडाळ्याच्या बाजूला, इकडं विक्रमगडच्या उताराला पोरी धावत असतात. वारल्यांच्या, कोकण्यांच्या, ठाकरांच्या, महादेव कोळ्यांच्या, कातकऱ्यांच्या एखाद-दुसरी, आणि आपल्या बौद्ध वस्तीतल्या. सतरा ते पंचवीस वयाच्या. शहरातल्या बाया चरबी उतरवायला धावतात. आमच्या पोरींच्या अंगावर उतरवायला चरबी नाही. ज्या जव्हारचं नाव १९९२ साली वावर-वांगणीची पोरं उपासमारीनं मेली तेव्हा पेपरात आलं, त्याच मातीतल्या या पोरी. त्या धावतात भरतीसाठी. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आहेत. त्यातले २० गुण मुलींना ८०० मीटर धावण्याचे, १५ शंभर मीटरचे, १५ गोळाफेकीचे. वनरक्षक व्हायचं तर तीन किलोमीटर धावावं लागतं. हे वीस गुण मिळाले तर महिन्याला पगार. नाही मिळाले तर दिवाळीनंतर मुकादमाची उचल, आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर. या दोहोंच्या मधे आठशे मीटर डांबर आहे.

दोघींत एक बुटाचा जोड असतो. एक राउंड मारून आली की ती बूट काढते आणि दुसरी घालते. घामानं ओले झालेले बूट, थंडीत. हे मी बघितलंय, कारण दोन वर्षं मी त्यांचं टायमिंग काढते. मला धावण्यातलं काही कळत नाही. माझ्याकडं मोबाईल आहे आणि मला पहाटे झोप लागत नाही, एवढीच माझी पात्रता.

आता रस्त्याचं बघा. या रस्त्यानं बाई आज चालायला लागली का? फेब्रुवारी लागला की इथल्या विहिरी तळाला जातात. पावसाळ्यात इतका पाऊस की डोंगर खाली यावा, आणि उन्हाळ्यात टँकरच्या मागं पळायचं. मोखाड्याच्याच तालुक्यात मध्य वैतरणा धरण झालं, पाणी मुंबईला गेलं. आमची बाई डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी घेऊन घाट चढते. रात्री दोन वाजता झऱ्याशी नंबर लावून बसते, वाटी-वाटीनं पाणी उपसते. तेव्हा गावातल्या कुठल्या शहाण्याला तिची अब्रू आठवत नाही. अंधार आहे, बिबट्या आहे, साप आहे, दारू पिऊन येणारे जाणारे आहेत. कुणी म्हणत नाही, बाई, घरी बस. सरपणाची मोळी घेऊन ती जव्हारच्या बाजाराला येते, मैलच्या मैल, अनवाणी. तिला कुणी विचारत नाही, कुठं निघालीस? कारण उत्तर तिच्या डोक्यावर आहे.

तोच हंडा खाली ठेवा. तीच पोरगी, तोच रस्ता, ओढणी कमरेला आवळली आणि धावायला लागली. मग बघा कशी सगळ्यांना तोंडं फुटतात. कुठं चाललीस? कुणाच्या मागं लागलीस? कुणाला दाखवतीस? टपरीवरचा बोलतो, जीपवाला बोलतो, मास्तर बोलतो, तिचा चुलता बोलतो. म्हणजे रस्ता बाईला खुला नाही, दोस्तांनो. रस्ता हंड्याला खुला आहे. मोळीला खुला आहे. ओझ्याखाली एक बाई असते ती चालून जाते, तिच्याकडं लक्ष नाही म्हणून. ओझं नसलं की ती दिसते. आणि दिसली की तिला हात लावावासा वाटतो.

मुंबईतल्या तिघींनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांनी शहरातल्या बायकांबद्दल हेच म्हटलंय, की बाईला बाहेर दिसायचं तर हातात काहीतरी काम दाखवावं लागतं, पिशवी, पोर, फाईल. नुसतं असण्याची मुभा नाही. बांद्र्याच्या बाईची पिशवी आणि बोटोशीच्या बाईचा हंडा एकच, असं मी म्हणणार नाही. पिशवी रिकामीही नेता येते.

आता जे सांगायला मी उभी राहिले ते सांगते.

मागच्या थंडीतली गोष्ट. आमच्या वस्तीतली पोरगी. नाव घेणार नाही, एकोणीस वर्षांची. सुरुवातीला आठशे मीटरला तिला चार मिनिटांच्या वर लागायचे. थंडी पडेपर्यंत ती तिनाच्या जवळ आली. रोज मला विचारायची, ताई, किती? आणि मी सांगायच्या आत माझ्या हातातला मोबाईल ओढून बघायची. एक दिवस मोटारसायकलवर तिघे आले. दोन दिवस नुसता मागनं हॉर्न. घाणेरडं बोलणं. तिनं लक्ष दिलं नाही, आम्ही पोरींना हेच शिकवतो ना, लक्ष देऊ नका. तिसऱ्या दिवशी लाईट बंद करून आले. मागं बसलेल्यानं ओढणीला हात घातला. ओढणी गळ्याभोवती होती. पोरगी तोंडावर खडीत आपटली. गुडघा फुटला, हनुवटीला चार टाके. भरती बारा दिवसांवर होती.

ऐका. ओढणी ओढणाऱ्याच्या गळ्यात निळा गमछा होता.

कुजबूज नको. विरोधकानं घातला असेल, असं मनात आणू नका. मी त्याला शेंबडा होता तेव्हापासून ओळखते. १४ एप्रिलला मिरवणुकीच्या पुढं तो नाचतो. बाबासाहेबांची गाणी त्याला तोंडपाठ. खैरलांजीच्या नावानं दर सप्टेंबरात सभा होते तिथं सतरंज्या तोच अंथरतो. आणि पहाटे पाच वाजता, अंधारात, आपल्याच वस्तीतली पोर हंड्याशिवाय दिसली, तर त्याच्यातला जो जागा झाला तो गावचा पाटील जागा झाला. गमछा निळा राहिला. हाताला जात फुटली.

शहरी गाड्यांनी त्रास दिलेला नाही असं नाही. पावसाळ्यात दाभोसा धबधब्याकडं जाणाऱ्या गाड्या, बाटल्या बाहेर लटकवलेल्या, त्या आदिवासी पोर दिसली की गाडी हळू करतात. ट्रकवाले आहेत, ठेकेदाराची माणसं आहेत. त्यांच्यावर मी तासभर बोलले असते आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. म्हणूनच बोलत नाही.

आम्ही चौकीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, सगळीकडं तीच खुर्ची आहे. खुर्चीतला म्हणाला, एवढ्या अंधारात पोरीला सोडता कशाला? पोरीच्या हनुवटीतनं रक्त गळतंय आणि चौकशी तिच्या आईची. मग म्हणाला, अर्ज द्या, बघतो. तक्रार आणि अर्ज यांतला फरक आपल्या लोकांना कळायला पाहिजे. अर्ज म्हणजे कागद, तो फाईलला जातो. तक्रार म्हणजे गुन्हा नोंद, एफआयआर, त्याची प्रत फुकट हातात मिळाली पाहिजे. नव्या भारतीय न्याय संहितेत बाईच्या अंगावर हात टाकण्याला कलम ७४ आहे, पाठलागाला ७८ आहे, घाणेरड्या शब्दांना आणि हावभावांना ७९ आहे. पाठ करा. जयंतीची गाणी पाठ होतात, तसे हे तीन आकडे पाठ करा.

आपल्यातला एक पुढारी सोबत होता. रस्त्यात त्यानं विचारलं, ॲट्रॉसिटी लागेल का? मी म्हटलं, नाही, पोरगा आपलाच आहे. आपल्यातल्याच माणसावर तो कायदा लागत नाही. झालं. त्याच्या पावलातला जोरच गेला. तोच पोरगा गाववाला असता तर दुसऱ्या दिवशी तहसीलवर मोर्चा होता, निवेदन होतं, फोटो होता. हनुवटीचे टाके तेच चार असते. मग मोर्चा पोरीसाठी असतो का टाके घालणाऱ्याच्या जातीसाठी, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

चौकीवरनं आठवलं. १९७२ साली चंद्रपूरकडं देसाईगंजच्या चौकीत रात्री एका कोवळ्या आदिवासी पोरीवर पोलिसांनी अत्याचार केला. मथुरा प्रकरण म्हणून देशाला माहीत आहे. हायकोर्टानं शिक्षा दिली, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टानं दोघांना सोडून दिलं. म्हणे अंगावर खुणा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नाही. चौकीच्या आत, दार लावून, पोलिसासमोर. पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. तो कायदा एका मजूर आदिवासी पोरीच्या अंगावरून गेला तेव्हा बदलला.

आणि आमच्या पोरी त्याच चौकीत खुर्ची मिळावी म्हणून धावतात. एक कॉम्रेड मला म्हणाला, ताई, यात अंतर्विरोध आहे, आपण राज्यसंस्थेच्या दंडुक्याला हात पुरवतो. असेल अंतर्विरोध. त्याचा मामा तलाठी आहे, त्याला अंतर्विरोध परवडतो. मला तर वाटतं त्या खुर्चीत ही पोरगी बसली असती तर 'अंधारात सोडता कशाला' हे वाक्य एका चौकीत तरी कमी झालं असतं. नसतंही झालं. वर्दी भल्याभल्यांची जीभ बदलते. पण ते तिनं बसून ठरवावं, आपण सतरंजीवरनं नाही.

मग विहारात बैठक झाली. तीन तास. बुद्धवंदना झाली, सगळे बोलले. पोरगी बाहेर पायरीवर बसून होती, कारण आत बाप्ये होते. पोराला समज दिली म्हणे. वहीत त्याचं नाव लिहिलं नाही, वय आहे, चुकलं. आणि ठराव काय झाला? उजाडल्याशिवाय पोरींनी घराबाहेर पडू नये.

बरं, उजाडतं केव्हा? थंडीत सातच्या सुमाराला. सातला ती पोरगी कुठं असते? विहिरीवर. साडेसातला चुलीपुढं. आठला धाकट्याला शाळेत, नऊला स्वतः कॉलेजच्या एस.टी.त, नाहीतर कुणाच्या तरी रानात. आणि सातनंतर रस्ता कुणाचा असतो? ट्रकचा, काळी-पिवळी जीपचा, वळणावर हॉर्न न वाजवता येणाऱ्याचा. पोरींना अंधाराची हौस नाही. उजेड त्यांच्या मालकीचा नाही म्हणून त्या अंधारात धावतात. दिवसाचा उजेड घरानं आधीच घेऊन टाकलाय. त्यांच्या वाट्याला उरतो साडेचार ते सहा. तोही ठरावानं काढून घेतला. त्या महिन्यात नऊजणींपैकी सातजणी धावायच्या थांबल्या. कुणी मारलं नाही, कुणी कोंडलं नाही. ठराव झाला.

आणि उजेडानं पोरगी वाचते हेही खोटं आहे. २०२२ च्या जानेवारीत आयर्लंडमध्ये एक तरुण शिक्षिका शाळा सुटल्यावर दुपारी कालव्याच्या काठानं धावायला गेली. लख्ख दुपार, लोकांची ये-जा असलेली वाट. तिथं तिचा खून झाला. सबंध देशात हजारो बाया मेणबत्त्या घेऊन बाहेर पडल्या. त्यांनी एकच विचारलं, ती फक्त धावायला गेली होती, आता कुठली वेळ सांगता? तिकडच्या बायांना पगार आहेत, दिवे आहेत, सिमेंटच्या वाटा आहेत. तरी प्रश्न तोच. कारण वेळ बदलून माणूस बदलत नाही.

बैठकीनंतर आपल्या तरुणांनी एक सूचना आणली. खरं तर मनापासून आणली. आम्ही लाठ्या घेऊन पोरींच्या मागंपुढं चालतो, संरक्षण दल काढतो. मी त्यांना विचारलं, तुम्ही पहाटे साडेचारला उठणार? म्हणाले, उठू. म्हटलं, मग एक करा. लाठी ठेवा, हंडा घ्या.

हसू नका. मला राखण नको. राखणदार आज पोरीच्या मागं चालतो, उद्या तिला सांगतो कुठं वळायचं, परवा कुणाशी बोलायचं. गावगाड्यानं आपल्याला काय सांगितलं होतं? वेशीबाहेर राहा, तुमच्याच रक्षणासाठी, गावात आलात तर गावकरी चिडतील. आपल्याला ते पटलं नाही. मग आपल्या पोरींना ते का पटावं? पोरी अंधारात धावतात ते पाण्यामुळं. पाणी बाप्यांनी भरलं तर पोरगी साडेसहा ते साडेसातच्या उजेडात धावेल. शाळेच्या मैदानावर धावेल, डांबरावर नाही. रस्त्यावर दिवे लावण्याआधी, कॅमेरे मागण्याआधी, घरातला एक हंडा एका डोक्यावरनं दुसऱ्या डोक्यावर गेला पाहिजे. डोक्यावर जड होत असेल तर सायकलला बांधा. बाप्या पाणी भरू लागला की सायकल लगेच सापडते, हेही मी बघितलंय.

आता महाडचं. तुम्हांला वाटेल ही बाई हंड्यावरनं महाडवर कशी गेली. मी तिथनंच आले.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. किती माणसं प्यायली? एक नाही. तीन वर्षं तळं खुलं होतं आणि आपण तहानलेले होतो. ढोरं पीत होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळ भरली, आणि मागोमाग हजारो उतरले तेव्हा तळं खुलं झालं. परतताना डोकी फुटली. नगरपालिकेनं आपला ठराव फिरवला. मग कोर्टात दहा वर्षं, हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. तेव्हा त्या डोकी फुटलेल्यांना कुणी सांगितलं का, की कशाला गेलात, घरच्या विहिरीचं प्यायचं होतं? सांगितलं. गावानं सांगितलं. आपण नाही.

पुढं बाबासाहेबांच्या मसुदा समितीनं राज्यघटना लिहिली. पंधराव्या कलमाचं दुसरं पोटकलम काढून वाचा, इथं कुणाकडं पुस्तक असेल तर. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, यांपैकी कशावरूनही कुणा नागरिकाला विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा वापरायला आडकाठी करता येणार नाही. जात आणि लिंग एका ओळीत. तळं आणि रस्ता एका ओळीत. आपण त्या ओळीतली जात आणि तळं तेवढं उचललं. लिंग आणि रस्ता तिथंच ठेवला, बायांसाठी, जेवणानंतरच्या सत्रासाठी.

आणखी एक गंमत सांगते, मग मुद्द्यावर येते. ज्या आठशे मीटरसाठी आमच्या पोरी जीव काढतात, ते आठशे मीटर १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा धावल्या. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून गवतावर बसल्या, आडव्या झाल्या. दमल्यावर बाप्येही आडवे होतात. पण पेपरवाल्यांनी ओरड केली, बाईच्या देहाला हे झेपत नाही, गर्भाशय बिघडेल. शर्यत बंद. १९६० पर्यंत, बत्तीस वर्षं. १९६७ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये एक बाई नंबर लावून धावायला लागली तर संयोजकच मागनं पळत आला आणि तिच्या अंगावरचा नंबर ओढायला लागला. ओढणी नव्हती म्हणून नंबर ओढला. तोही मोटारसायकलवरच्या पोरासारखाच म्हणत असेल, आमची शर्यत आहे, तू कोण?

आणि कविता राऊत तर तुम्हांला माहीत आहे. लांबची नाही. मोखाड्याच्या पलीकडं हरसूलच्या भागात सावरपाडा, तिथली. आदिवासी पोर, अनवाणी धावायला लागली, कारण धावायला विकत काही घ्यावं लागत नाही. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी चीनमध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य. २०१६ ला रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. तिला आपण 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतो, बॅनर लावतो. लावा. पण बॅनरवरच्या पोरीला सलाम आणि रस्त्यावरच्या पोरीला शिटी, हे एकाच तोंडानं होतं. आमच्या नऊजणींपैकी कुणी ऑलिंपिकला जाणार नाही. त्यांना वीस गुण पाहिजेत. वीस गुणांसाठी धावणाऱ्या पोरीला रस्ता मिळायला पदक लागू नये.

आता आम्ही काय केलं ते. ठराव झाल्यावर आठवड्यानं आम्ही पाच बाया, तीन वस्तीतल्या आणि दोन पाड्यावरच्या, पहाटे पाचला हंडे घेऊन रस्त्याला लागलो. विहीर रस्त्यालगत आहे. एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर हंडे मांडून बसलो. कुणी विचारलं तर पाण्याला आलोय. आणि पोरी आमच्या मधनं धावल्या. पहिल्या दिवशी दोघी आल्या, पंधरवड्यात सहा. मोटारसायकल एकदा आली, पाच हंडे बघितले आणि गेली. ज्या हंड्यानं आम्हांला आयुष्यभर वाकवलं त्याच्या आड आम्ही पोरी धाववल्या. याचं कौतुक काहींनी केलं. मला कौतुक नको, कारण त्या पाच बायांची झोप गेली. रात्री अकराला भांडी घासून झोपलेली बाई चारला उठते. तिच्या उजव्या गुडघ्यातनं आवाज येतो, मी शेजारी बसते तेव्हा मला ऐकू येतो. हे आम्ही दुसऱ्या थंडीपर्यंत ओढू शकणार नाही.

म्हणून तुमच्यापुढं आले. शाळेचं मैदान पहाटे बंद असतं, फाटकाला कुलूप. किल्ली आम्हांला मिळाली आहे, या महिनाअखेरपर्यंत, तोंडी, एका भल्या माणसाच्या जबाबदारीवर. तोंडी काही खरं नाही. १ मे ला ग्रामसभा आहे. तिच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, कायद्यात आहे, आपल्याकडं सह्या गोळा करून उरकतात. या वेळी बसायची आहे. आमचा ठराव लिहून तयार आहे, वाचते. मैदानाचं फाटक रोज पहाटे साडेचार ते साडेसात आणि संध्याकाळी पाच ते सात उघडं राहील, किल्ली बचत गटाकडं. मैदानाच्या दोन कोपऱ्यांत आणि विहिरीच्या वळणावर सौर दिवे, पंचायतीच्या निधीतून, आणि बिघडलेला दिवा पंधरा दिवसांत दुरुस्त. मैदानाजवळ बायकांसाठी संडास, आतून कडी असलेला, ज्यात पाणी असेल. रस्त्याकडेची गवत-झुडपं दिवाळीनंतर कापायची. फाट्यावरचा दारूचा गुत्ता हलवायचा. पाचव्या अनुसूचीतलं गाव आहे, पेसा कायद्यानं दारूबाबत ग्रामसभेला अधिकार आहे, तो वापरायचा. आणि शेवटचं, यावर भांडण होणार मला माहीत आहे, सकाळी सहा ते आठ घरचं पाणी पुरुषांनी भरावं, ग्रामसभा तशी विनंती करते. विनंती लिहिलंय. बायांना 'हुकूम' शब्द हवा होता, मी कापला. कापायला नको होता, असं आता वाटतं.

हात वर करायला किती येणार ते मला आत्ता सांगू नका. इथं सगळ्यांचे हात वर जातात.

ती पोरगी त्या भरतीला गेली नाही. टाके होते. पुढच्या भरतीची जाहिरात कधी येते त्याची वाट बघतीय. गेल्या सोमवारी पुन्हा मैदानावर आली. ओढणी घरी ठेवून आली होती, भावाचा शर्ट घातला होता. आठशेला तीन मिनिटं अठरा सेकंद. गुडघा अजून ओढतो. मोबाईल माझ्या हातातनं ओढून तिनंच बघितलं आणि काही बोलली नाही, बूट काढून दुसरीला दिले.

ज्यानं ओढणी ओढली तो आज इथं बसलाय. नाव घेणार नाही म्हटलं ते पाळते. तुझ्या आईचा हंडा पहाटे साडेपाचला आमच्या हंड्याशेजारी असतो, पोरा, चौथ्या नंबरला. गुडघा तिचाच दुखतो.

उद्या पाचला फाटक उघडेल.

जयभीम. जोहार.